काट्यांचे पंख

रोईमाता बुटांना फळ्या बांधते
आणि बदकासारखी फताड्या पावलांनी चालू लागते.
बेटाची जमीन पोकळ, खाली समुद्रपक्ष्यांची बिळं,
नुसतं पाऊल टाकलं तर कुणाचं तरी छप्पर खचेल.

रात्रीचे साडेअकरा. चॅटम बेटांवरच्या वाऱ्याला दार नाही.
गाजराच्या कुळातलं एक झुडूप, गुडघ्याएवढं,
त्याच्या फुलोऱ्यावर, लाल दिव्यात
तिला हवा तो दिसतो:
अंगठ्याच्या पेराएवढा, मातकट,
पाठीवर गाठीच गाठी, पुढे सोंड.

हॅड्राम्फस स्पिनिपेनिस.
पहिला शब्द ग्रीक, दणकट चोचीचा.
दुसरा लॅटिन, काटेरी पंखांचा.
पंख कसले, याला उडताच येत नाही.
दूर कुठल्याशा टेबलावर
टाचणी टोचलेल्या एका मेलेल्याकडे बघून
कुणीतरी बारसं उरकलं,
पाळणा न हलवता.

आणि त्याआधी?
तिनं मामाला विचारलं होतं,
तो शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करत बसला असताना.
"नाव असणारच," तार पिळत तो म्हणाला,
"दर रात्री दिसणाऱ्याला कोण बिननावाचं ठेवतं?
पण ज्या तोंडांत ते होतं
ती तोंडंच गेली मातीत.
ती पक्कड दे इकडे."

ती किड्याला तळहातावर घेते
पाठीवरचा आकडा वाचायला.
मागच्या उन्हाळ्यात तिनंच लिहिलेला, पांढऱ्या रंगात: सत्तेचाळीस.
तो पाय आवळतो, लवंडतो,
मेल्याचं सोंग घेतो.
सोंड आणि सोंग, एवढीच याची इस्टेट.

हे झुडूप तो आणि त्याचे भाऊबंद
मुळापर्यंत खाऊन संपवतील,
मग पायीच निघतील दुसऱ्याच्या शोधात.
वाटेत जे संपतील
त्यांच्यासाठी वहीत रकाना नाही.

दिवा विझवून ती बसून राहते.
घाई केली की सोंग लांबतं, हे तिला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात भाची शाळेतून
पूर्वजांच्या मोरिओरी भाषेतला एक शब्द घेऊन आली,
वाऱ्यासाठीचा.
जेवताना पुन्हा पुन्हा म्हणत होती,
बहुतेक चुकीच्या जागी जोर देऊन.
मामानं दुरुस्त केलं नाही, त्यालाही कुठे येत होता.
घास हातात तसाच धरून
ऐकत राहिला.

अंधारात तळहाताला काहीतरी टोचतं.
एक पाय.
मग, बऱ्याच वेळानं,
दुसरा.