वरून ऊब दे

ॲक्रन, ओहायो. सत्तरच्या दशकातला एक जानेवारी.
टायरचे तीन कारखाने बंद, चौथा खोकत चाललेला,
आणि हवेत अजून तोच जळका वास
ज्याला इथली जुनी माणसं
पगाराचा वास म्हणतात.

विद्यापीठाच्या तळघरात मिलान ह्रोवाट काच फुंकतो.
नळीच्या पोटात दुसरी नळी, तिच्या टोकाला
कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा,
फोडण्यासाठीच केलेला.
"माझं काम फुटायचंच असतं," तो म्हणतो,
"फक्त वेळेआधी नको."

त्याच्या श्वासानं घडलेलं भांडं
व्हर्ना कोस्टेलनिक वर नेते,
पंपाला लावून तो श्वासही काढून घेते.
दोन दिवस ज्योत फिरवते,
भिंतींना चिकटून बसलेलं पाणी हुसकत.
आपण पाण्याला जीवन म्हणतो.
इथे थेंबाचा अंश शिरला तरी कारभार आटोपला.

मग लिथियमचं तापट संयुग, मग स्टायरीन,
आणि बेन्झिनमध्ये रंग चढतो:
डाळिंबाचा? नाही, जरा केशरी,
भट्टीचं दार किलकिलं झाल्यावर दिसतो तसा.
सगळ्या साखळ्या एकदमच निघतात,
कुणी पुढे पळत नाही, कुणी मागे रेंगाळत नाही,
एकाच माळेचे मणी, आणि या वेळी ही शिवी नव्हे.
स्टायरीन संपतं.
त्या मरत नाहीत.
टोकाशी भूक उघडी ठेवून थांबतात.

व्हर्नाच्या बापानं तीस वर्षं टायर बांधले.
रविवारी जेवताना तिनं त्याला सांगून पाहिलं:
"संपलं तरी संपत नाही, बाबा.
आणखी घातलं की तिथूनच पुढे."
त्यानं काट्यानं बटाटा बराच वेळ कुस्करला.
"घालणारा कोण आहे?" म्हणाला.

त्याच आठवड्यात वादळ. तारा तुटल्या,
मोटारी जागच्या जागी गाडल्या गेल्या.
चौथ्या दिवशी मांडीभर हिमातून ती पोचली
तर भांड्यात लाल ढेकूळ.
बेन्झिन गोठलेलं.
काच शाबूत,
कारण ते गोठताना आक्रसतं,
पाण्यासारखं फुगून घर फोडत नाही.
धोका वितळताना.

ह्रोवाट इस्पितळात होता, छातीत घरघर.
फोनवर आधी नुसताच त्याचा श्वास,
ओढून ओढून घेतलेला. मग:
"वरून ऊब दे. खालून दिलीस
तर वितळलेल्याला वाट मिळणार नाही.
माझी काच जाईल."
आणि जरा थांबून,
"सावकाश. मी कुठे पळून जातोय."

टॉवेल कोमट पाण्यात बुडवून
(बाहेरून पाणी चालतं)
तिनं भांड्याच्या गळ्याशी गुंडाळला.
तासभर. दुसरा तास. बोटं बधिर.
लाल बर्फाला वरून घाम फुटला,
मग लाल पाझर, मग लाल तळं.
रंग तसूभर उतरला नव्हता.

लोहचुंबकानं तिनं आतला हातोडा उचलला
आणि सोडला.
पडदा फुटला. आवाज इतका लहान
की घड्याळानं झाकला असता.
आयसोप्रीन आत आलं,
केशरी फिकटत गेलं, लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं:
थांबलेली प्रत्येक साखळी
जिथं होती तिथून पुढे निघाली.

ह्रोवाट गुरुवारी गेला.
त्याचं पद विद्यापीठानं गोठवलं,
पत्रात शब्दही तोच.

मिथेनॉलचे चार थेंब घालायचे होते
शेवट करायला.
वहीत 'समाप्ती' लिहून पुढे वेळेची जागा
तिनं सोडली,
आणि टॉवेल पिळून
रेडिएटरवर वाळत घातला.