राजीखुशीने

केप्यात, उपनिबंधक कार्यालयाच्या समोर
आंब्याखाली माझं टेबल.
संगणक, छपाईयंत्र, शाईचा पॅड,
वर ताडपत्री, तिला बुरशीचा नकाशा.

कळफलकाच्या वरच्या रांगेत चौथी कळ.
ती दाबली की एका दमात उमटतं:
हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
नशापाणी न करता,
कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून देत आहे.
सव्वीस वर्षं.
आधी टाइपरायटरवर या वाक्याला बोटं दुखायची,
आता एका बोटाचं काम.

मंगळवारी सोयरू वेळीप आला, बायको देवकू,
आणि दोघांच्या मधोमध
भाटकाराचा मुखत्यार सुबराय.
मुंडकारीचं घर, तीनशे मीटर जमीन,
चार माड, एक निरफणस,
यांवरचा हक्क सोडायचा होता.
आमच्याकडे पोर्तुगेजांच्या वेळचा कायदा:
निम्मं घर बायकोचं.
नवऱ्याची सही एकटी लंगडी.

सुबरायचा आवाज चढला नाही.
त्याने चहा मागवला, मिरची भजी मागवली,
देवकूला स्वतःची खुर्ची दिली.
मग खिशातून एक चावी काढून
शाईच्या पॅडशेजारी ठेवली, अलगद,
जशी देवापुढे सुपारी ठेवतात.
त्यांच्या मुलाचा टेम्पो
तीन आठवडे भाटकाराच्या गोदामात उभा होता.
"अंगठा झाला की घेऊन जा."

मडगावात मी कायद्याची दोन वर्षं केली,
तिसऱ्याची फी जमली नाही.
पण कलम पंधरा अजून पाठ आहे:
एखाद्याची वस्तू बेकायदा अडवून ठेवणं,
हीसुद्धा बळजबरी.
आणि एकोणीस: अशी संमती रद्द करता येते,
ज्याची घेतली त्याने म्हटलं तर.
त्याने म्हटलं तर.
म्हणायला तोंड लागतं,
तोंडाखाली पोट असतं,
पोटाला टेम्पो.

मी चौथी कळ दाबली.

"वाचून दाखय रे पुता," देवकू म्हणाली.
मी वाचलं.
दुसऱ्या कुणाच्या सुनेचं कौतुक ऐकावं
तशी ती ऐकत राहिली.
"हें कोणें सांगलें? हांवें ना."
मी म्हटलं, मावशी, सगळ्यांच्याच दस्तात असतं हे.
"मागीर सगळ्यांक विचारिल्लें तुवें?"

सोयरू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.
सुबराय हसला, घड्याळ बघितलं.

मी वय विचारलंय, बापाचं नाव विचारलंय,
आधार क्रमांक, सर्व्हे नंबर,
पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण.

त्या ओळीच्या शेवटाशी गेलो
आणि मागून पुढे खोडत आलो.
देणं गेलं, लिहिणं गेलं, बळी गेला, दडपण गेलं,
नशापाणी, अक्कल, खुशी.
पडद्यावर उरलं: हा दस्त मी

सुबरायने चावी उचलली
आणि शेजारच्या टेबलाकडे गेला.
तिथेही चौथी कळ आहे, बहुधा पाचवी असेल.
सोयरू त्याच्यामागून गेला,
दोनदा वळून बघत.
देवकू बसून राहिली.
त्यांनी तिकडून हाक मारली, ती बसून राहिली.
एक वाजता साहेब जेवायला गेले,
दार ओढून घेतलं.
तिच्या कपातल्या चहावर साय आली होती.
उठताना तिने पदराची गाठ सोडली,
दहाची नोट पॅडखाली सरकवली,
न मागवलेल्या, न प्यालेल्या चहाची.

टेम्पोचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.
ती पुन्हा आली नाही; दुसरीकडे गेली का,
तेही मी विचारलेलं नाही.

चौथी कळ मी उचकटून काढलीय.
तिथे आता चौकोनी भोक आहे.
सवयीने बोट जातं, अडखळतं,
आणि मग मान वर करून
समोरच्या माणसाकडे बघावं लागतं.