मनाली, व्हाया मनमाड

मॅटाडोर सत्याऐंशीची, आधी कुठल्याशा बँडपार्टीची.
प्रेसमधून रिटायर झाल्यावर विश्रामने ती घेतली,
आत फळ्यांचा पलंग ठोकला, सिंक बसवलं,
खिडक्यांना माझे जुने पडदे लावले
आणि नकाशावर बोट फिरवलं : नाशिक ते मनाली.
बोटाला डिझेल लागत नाही.

जेलरोडवर गल्लीतल्यांनी नारळ फोडला.
नारळ कुजका निघाला.
कुणी काही बोललं नाही, फक्त क्षेमकल्याणी वहिनींनी
प्रसादाची वाटी हळूच पदराआड नेली.

आडगाव नाक्यावर सायलेन्सर गळाला.
ओझरला, विमानांच्या कारखान्यासमोर,
आमचं यान पहिल्यांदा उकळलं.
वरून एक खरं विमान गेलं, विश्रामने मान वर केली नाही.

माझ्याकडे एकच खातं : दगड.
हँडब्रेक होता, पण मंगळसूत्रासारखा, दिसायला.
गाडी थांबायच्या आत मी उडी मारायची
आणि मागच्या चाकाला दगड लावायचा.
परसातला धुण्याचा दगड फुटला, त्याचा हा तुकडा.
चौतीस वर्षं यावर त्याचे शर्ट आपटले.
आता त्याची गाडी अडवत होते.

पिंपळगावला चुकून कांद्याच्या ट्रॅक्टरांत शिरलो.
मागे ट्रॅक्टर, पुढे ट्रॅक्टर, दीड तास इंच इंच.
शेवटी पावतीवाला खिडकीशी आला :
'किती क्विंटल?'
'दोन माणसं,' विश्राम म्हणाला.
त्याने आत डोकावून पाहिलं. 'उतरवून घ्या कडेला, लिलाव उद्या.'

वडाळीभोईच्या अलीकडे मुक्काम.
मी खरकटी भांडी धुतली, आणि सिंकचं पाणी
सरळ बॅटरीवर गेलं.
तडतड झाली, जळका वास आला,
आणि टपावरचा, आम्ही विसरलेला भोंगा जागा झाला.
आत कधीची अडकलेली कॅसेट, कुणाचा तरी भरदार आवाज,
रात्रीच्या पावणेदोनला, अख्ख्या शिवाराला :
'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं...
मुलीच्या मामांनी...'
कुत्री उठली. मग बॅटऱ्या. मग माणसं.
कानटोपीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, 'लगीन कोणाचं?'
'आमचंच,' मी म्हटलं, 'जुनं आहे.'
'मंग मामा कुठंय?'

विश्राम वायर शोधत राहिला.
माझा मामा सटाण्याचा, बसमध्ये कंडक्टर.
त्या दिवशी ड्यूटीवरून तसाच आला होता,
माझं कोपर धरलं तर बोटांना तिकिटांची शाई.
आज असता तर म्हणाला असता,
पोरी, ही गाडी जाणार नाही, मागची धर.
वायर तुटली तेव्हा इतकं शांत झालं
की थंडी ऐकू आली.

चांदवडला गिअर अडकला. दुसरा. फक्त दुसरा.
मेकॅनिक रशीदभाई खाली सरपटला, बराच वेळ तिथेच राहिला,
झोपला असावा.
'पार्ट मनमाडला मिळेल,' बाहेर येऊन म्हणाला.
दोराने बांधून एका ट्रॅक्टरने आम्हाला ओढत नेलं.
वाटेत हडबीची शेंडी दिसली,
उघड्या माळावर एकटीच उभी.
तिने आम्हाला सरळ अंगठा दाखवला.

मनमाडला आज सहावा दिवस. पार्ट उद्या येणार आहे.
उद्या रोज येणार असतो.
संध्याकाळी स्टेशनातली घोषणा इथवर येते.
उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीचं नाव ऐकू आलं
की विश्राम चहाचा कप तसाच हातात धरतो.
'सुरुवात तर चांगली झाली,' काल म्हणाला.
माझं हसू नाकातून आलं, चहासकट. मग त्याचंही.

आज सकाळी त्याने विचारलं, 'परत फिरायचं का?'
मी उत्तर दिलं नाही. खाली उतरले,
चाकामागचा दगड काढून बघितला.
गाडी हलली नाही, केसभरही नाही.
थोडा वेळ तो थंडगार हातात धरला,
मग पुन्हा लावला.