समास

दर पाच आठवड्यांनी, वारा मानला तर,
आमची पुस्तकांची होडी अपियाओ बेटाला लागते.
एर्सीरा ओयार्सो धक्क्यावर आधीच उभी,
पुस्तकं पिठाच्या पिशवीत, पिशवी प्लास्टिकात,
प्लास्टिक कोटाच्या आत, तान्ह्या पोरासारखं.

डिसेंबरात मी सगळ्यांना एकच विचारतो:
यंदा वाचलेल्यांत काय आवडलं?
नगरपालिकेला तक्ता लागतो. रकाने तीन,
नाव, लेखक, शेरा.

तिला नावं आठवत नाहीत. लेखक तर नाहीच नाही.
"ते घड्याळवाल्या बहिणींचं.
धाकटी खोटं बोलते ते पहिल्याच पानावर कळलं होतं,
तरी शेवटपर्यंत तिच्याच बाजूने राहिले.
जून होता. छप्पर गळत होतं.
एका हातात पुस्तक, दुसऱ्याने बादली सरकवायची."

मी लिहितो: घड्याळं.

"मग ते वाळवंटाचं. काही म्हणजे काही घडत नाही.
माणूस विहिरीपर्यंत जातो, विहीर आटलेली, परत येतो.
पण दोन दिवस गुडघे कमी दुखले.
आणि एक कवितांचं, पातळसं.
त्यातली एकच कळली.
ती मी डुकरांना खाणं घालताना म्हणते.
त्यांची तक्रार नाही."

आणि सगळ्यांत आवडतं?

"शेवाळाचं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
राजधानीतल्या कुणा तज्ज्ञाचा तो ठोकळा
मी एकवीस वर्षं होडीतून हिंडवतोय;
पन्नासाव्या पानापुढे कुणी गेलेलं नाही.

"भिकार पुस्तक," ती म्हणाली.
"म्हणे शेवाळ दोन दिवसांत वाळतं!
मी समासात लिहिलं, पेन्सिलीने:
*याला कुणी सांगितलं?*
दोन खेपांनी तेच पुन्हा मागून घेतलं,
हिवाळ्यात चिडायला काहीतरी लागतंच.
तर खाली दुसरं अक्षर. वाकडं, शाळकरी पोराचं असावं तसं:
*मेहुण्याने.*
चुलीपुढे एकटी हसले मी.
कुत्रं उठून बघायला आलं."

मग मी पानं उलटली.
एकशे साठ: *ओहोटीच्या पाण्यातली थंडी याने लिहिलीच नाही.*
खाली: *लोकरी मोजे घालून लिहिलंय.*
एकशे नव्वद: *तुमच्याकडे बटाटे कसे झाले?*
*काळे पडले. तुमच्याकडे?*
दोनशे चौदाव्या पानावर तिने लिहिलं होतं
नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली ते.
खाली एक ओळ लिहून खोडलेली,
दुसरी लिहून खोडलेली,
आणि मग फक्त: *वाचलं.*

आता ती विचारेल, कोण, म्हणून
मी उगाच पावत्या चाळत राहिलो.
पुस्तकावर नावं दोनच आहेत या वर्षी.
दुसरं तेओदुलो मियालोंकोचं, अलाओ बेटावरचा,
उजवा पंजा जहाजाच्या विंचमध्ये गेला त्याचा,
चाळिशीनंतर डाव्याने अक्षरं गिरवायला शिकला.

तिने विचारलं नाही.

नियम असा, की परत आलेल्या पुस्तकातल्या
पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकाव्यात.
खोडरबर दरवर्षी नवं येतं, सही घेऊन.
घरी खणात वीस पडलीयत, कोरी.
यंदाचं तेवढं वापरलं:
तीनशे दोनाव्या पानावर, एका रात्री,
मीच मध्ये काहीतरी लिहून बसलो होतो.

"किती उरलंय हे?" तिने विचारलं.
"चाळीस पानं. मग नुसती सूची."
"सूचीला समास असतो का?"
मी उघडून दाखवला. चांगला दोन बोटं रुंद.
तिने बोटं ठेवून मापला, मान हलवली,
पुस्तक पुन्हा प्लास्टिकात गुंडाळून माझ्या हाती दिलं.

तक्त्यात लिहिलं: शेवाळ. शेरा: उत्तम.
दोरी सोडली.
इथून अलाओ चाळीस मिनिटं,
वारा मानला तर.