आठाची गाठ

तक्ता मी अप्पा बळवंत चौकातून आणला होता,
गुळगुळीत कागद, वीस चौकटी, वर ठळक: आपले मदतनीस.
डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, वैमानिकसुद्धा,
सगळ्यांच्या गालांना एकच गुलाबी रंग.
चौथी ब बराच वेळ बघत राहिली.
मग प्रज्योत म्हणाला,
"बाई, यातलं आमच्या गल्लीत कुणीच राहत नाही."

हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं.
कपाटात रजिस्टर आहे, त्यात रकाना आहे,
पालकाचा व्यवसाय.
एकतीस नावं.
मजुरी, मजुरी, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
मध्येच एक रिक्षा,
खाली पुन्हा मजुरी.
अक्षर माझंच.

म्हणून शनिवारी पालकांना शाळेत बोलावलं.
कामावर खाडा करून कोण येणार, असं वाटलं,
तर सात जण आले.
अफानच्या अम्मीने ब्लाउजला हुक लावून दाखवले,
एक डझन, बोलता बोलता, खाली न बघता.
डझनाचे किती मिळतात ते मात्र हळूच सांगितलं.
शिवन्याचे आजोबा मार्केट यार्डात असतात,
गोणीवर नुसता तळहात ठेवून ओळखतात
आत कांदा किती सडलाय.
वर्गात कांदे कुठले?
त्यांनी दप्तरांवरून हात फिरवला,
आणि एकाच्या दप्तरातून मागच्या आठवड्याचं केळं काढलं.

प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवले होते:
आपले शिक्षण किती? हे काम का निवडले?
ते कुणी विचारलेच नाहीत.
मुलांना वेगळंच हवं होतं.
तुम्हाला कोण ओरडतं?
शू लागली तर विचारून जावं लागतं का?
चुकलं की पहिल्यापासून करायचं?
मधली सुट्टी किती वाजता?
या शेवटच्या प्रश्नावर
मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

सगळ्यात शेवटी बालाजी कसबे, वेदिकाचे पप्पा.
चपला दाराबाहेर, खांद्यावर दोराचं वेटोळं.
खराडीतल्या काचेच्या इमारती ते बाहेरून पुसतात,
सतराव्या मजल्यापासून खाली.
"आत माणसं मीटिंगला बसलेली असतात.
त्यांना मी दिसतो का नाही, कळत नाही.
एकदा एका मॅडमनी हात केला.
माझे दोन्ही हात गुंतलेले. मी मान हलवली."
वेदिका वर्गाकडे बघत होती,
कुणाकुणाला पटतंय ते.

मग त्यांनी खिडकीच्या गजाला दोर बांधला.
"ही आठाची गाठ. मी हिच्यावर असतो."
प्रज्योत उठलाच.
"काका, आठ असा नसतो."
आणि हवेत बोटाने काढून दाखवला आपला,
मराठी, एका बाजूने उघडा.
बालाजी कसबे पहिल्यांदाच हसले.
"त्याच्यावर लटकलो तर खालीच येईन की रे.
दोन्ही घरं बंद लागतात."

एकोणीस वर्षं मी आठ शिकवते आहे.
त्याच्यावर कुणाचं वजन टाकून
कधी बघितलं नव्हतं.

सोमवारी नलूमावशी तणतणत आल्या.
बाटल्यांचे पट्टे, बाकांचे पाय, पडद्याची नाडी,
एकतीस पोरांनी बांधायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.
घंटेच्या दोरीलाही सहा गाठी,
मावशींना एकही सुटेना.
शाळा चार मिनिटं उशिरा भरली.
मुख्याध्यापकांनी कारण विचारलं,
मी म्हटलं, गणित चालू होतं.

तक्ता अजून भिंतीवर आहे, वैमानिक थोडा फिकटलाय.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,
म्हणून पेन्सिलीने, मजुरीच्या डोक्यावर, बारीक अक्षरात
लिहायला घेतलं:
हुक. कांदा, तळहाताने. काचा, सतरावा मजला.
रकाना जेमतेम बोटभर.
मजला मावला नाही,
सरकून शेजारच्या रकान्यात गेला,
जिथे वेदिकाची जन्मतारीख आहे.