तिसरा दिवा

तीन हिरवे दिवे लागायला हवेत.
लागले दोन.
तिसऱ्या जागी नुसती काच,
मसुराच्या दाण्याएवढा अंधार.

दाबोळीच्या टॉवरला कळवलं: उतरत नाही, पुन्हा फिरते.
आवाज माझाच, पण इस्त्री केलेला.

शेजारी वेरेंकर. विमान त्यांचं.
खाली झुआरीतून संथ चाललेल्या दोन बार्जही त्यांच्याच.
"काय झालं?"
डावं चाक आलंय की नाही, ते सांगत नाहीये.

आधी संशय दिव्यावर घ्यायचा, मग चाकावर.
"उजवा आणि डावा, बल्बची अदलाबदल करा," मी म्हणाले.
चेकवर झरझर सही करणारी ती बोटं
एवढ्याशा बल्बला बिचकली.
पडला. सीटखाली गेला.
दोन हजार फुटांवर
एक बार्जमालक ओणवा होऊन
बल्ब चाचपत होता.
सापडला. बसवला.
उजवीकडे लागला. डावीकडे काळोख तोच.
दिवा निर्दोष सुटला.

मग लाल मुठीचा दांडा.
तेलाचा दाब सोडून द्यायचा,
चाकांना त्यांच्या त्यांच्या वजनावर सोडायचं.
मग दोन्ही पायांनी शेपटी झुलवायची
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
सुपात तांदूळ पाखडावेत
तसं पाखडलं मी आम्हा दोघांना.
खडा निघाला नाही.

टॉवरच्या समोरून अगदी खालून गेले.
दुर्बिणीमागून कुणी तरुण मुलगा बोलला,
"डावं चाक खाली दिसतंय, मॅडम.
लॉक आहे का, ते इथून सांगता येत नाही."
किती सभ्य वाक्य.
मी त्याचे आभार मानले.

पेट्रोल जाळायला चाळीस मिनिटं.
सडा, बोगमाळो, पुन्हा सडा.
वेरेंकरांनी विचारलं, बूट काढू का?
कशाला, ते मला माहीत नव्हतं. काढा म्हटलं.
मग बराच वेळ गप्प. मग,
"घरी मुडदुशा आणल्यात आज.
फोन लागला असता तर सांगितलं असतं,
इतक्यात तळू नकोस."

दाराची कडी आधीच सोडली, फटीत त्यांचा एक बूट.
उजवं चाक टेकलं.
डावा पंख मी वरच धरून ठेवला,
मांडीवर झोपलेल्या पोराचं डोकं
उशीवर ठेवताना धरतात तसा.
वेग संपत आला, पंख जड झाला,
हात मागायला लागला.
टेकलं.
काहीतरी कडकन वाजलं,
आणि पाय उभा राहिला.

बंब शेजारून धावत होते.
मास्टर स्विचकडे हात नेला
तेव्हा लागला तिसरा दिवा,
हिरवागार,
जसा काही मघापासून इथेच होता.

अनाक्लेत पोटाखाली उताणा झोपला, टॉर्च दातांत.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर घेऊन बाहेर आला
मातीचा फुटका चंबू, नखाएवढा.
तीन आठवडे विमान हँगरात उभं होतं.
कुंभारमाशीला डावी खोबण आवडली,
तिनं स्विचच्या जिभेवर घर लिंपलं.
चंबूत पाच कोळी, जिवंत, पण हलता न येणारे,
आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी आळी
शांतपणे जेवत होती.
आमच्याबरोबर तीही फिरली, सडा, बोगमाळो, पुन्हा सडा,
तीही पाखडली गेली.

लॉगबुकात अनाक्लेतनं लिहिलं:
डाव्या स्विचमध्ये माती. काढली.
मी म्हटलं, बस, एवढंच?
"आनी कितें?" म्हणाला.

हँगरच्या दारात वेरेंकर, एका पायात बूट,
फोन कानाला:
"हां. तळ आता."

माझे गुडघे तेव्हा कुठे थरथरायला लागले.
मी टूलबॉक्सवर बसले.
अनाक्लेतनं चंबूचे दोन तुकडे जुळवून
खिडकीच्या चौकटीत ठेवले, भिंतीला टेकवून,
आणि हात पुसत म्हणाला,
मालकीण येईल शोधत.