माया

शाहूपुरीत, पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानावर,
तिसऱ्या मजल्याला आमची पाटी:
इंगवले अँड शिरगुप्पे, बुटीक लॉ फर्म.
'बुटीक' हा शब्द इंगवल्यांनी पुण्याहून आणला.
महिन्यातून एखादी बाई तरी
जिना चढून धापा टाकत येते,
पिशवीतून कापड काढून विचारते,
अस्तर तुमचं का आमचं?

आम्ही कंपन्या विकतो. म्हणजे विकत नाही,
विकणाऱ्याचे कागद घेणाऱ्याच्या कागदांना भेटवतो
आणि मध्ये बसून चहा पितो.

शिरोलीची मोरबाळे फौंड्री कोइमतूरला चालली होती.
तातोबा मोरबाळ्यांनी छत्तीस वर्षांचे कागद
खताच्या पोत्यांतून पाठवले,
सुतळीत चिठ्ठी खोचून:
उंदरांनी खाल्लेलं सोडून सगळं आहे.

समोरच्या वकिलाची ईमेल आली, एका ओळीची.
लाकडी पॅटर्न, एकूण त्रेचाळीस. मालकी सिद्ध करा.

म्हणून मी कसबा बावड्यात, बाबालाल शिकलगारांच्या दारात.
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
मी वाचून दाखवलं:
सदर पॅटर्नवर माझा कोणताही हक्क वा हितसंबंध
राहिलेला नाही.
'ऱ्हायला न्हाई म्हंजे? हुता व्हय?'
कायद्याने होता, मी म्हणाले.
'आन मला कुणी सांगितलंच न्हाई!'
हसता हसता त्यांना खोकला आला,
सुनेनं पाणी आणलं.

मग यादी दोनदा वाचायला लावली.
'एक्केचाळीस ल्ह्या. बारा नंबर आन तीस नंबर
माज्या हातचं न्हवंत. सिद्रामचं.
इचलकरंजीला म्हून गेला, फुडं कुटं गेला म्हाईत न्हाई.
दुसऱ्याच्या हातावर मी सही कशी करू?'

कोण विचारतंय आता, असं मी म्हणून गेले.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
गाठ निघालेल्या सागवानाकडं बघावं तसं.

आणि पेटीतून एक पट्टी काढली.
माझ्या पट्टीशेजारी ठेवली.
त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा लांब.
'बिडाची पट्टी ही. बीड थंड हुताना आकसतं,
म्हून पॅटर्नात माया ठेवायची. फुटाला एक सूत.
कमी ठेवली तर माल भंगारात,
जास्त ठेवली तरी भंगारातच.'

चौथ्या रात्री दोन वाजता
त्रेचाळीसचे एक्केचाळीस अधिक दोन झाले.
समोरचा आधी म्हणाला, क्षुल्लक बाब आहे.
मग म्हणाला, तर तीन लाख अडवून ठेवू,
अठरा महिने, तिऱ्हाईताच्या खात्यात.
तातोबांना फोनवर समजावलं.
'सिद्रामच्या नावानं?'
नाही, सिद्राम आला तर, म्हणून.
बराच वेळ फक्त भट्टीचा आवाज.
'आला तर आधी माझ्याकडं धाडा.
त्याची एका आठवड्याची हजेरी द्यायची ऱ्हायलीया.'
मी पोती पुन्हा उपसली.
त्या सालचं हजेरीपुस्तक
उंदरांच्या वाट्याचं होतं.

अठरा महिने झाले. फोनने आठवण करून दिली.
कुणीही दावा सांगत आलं नाही.
तीन लाख सुटले. मी फाइल बांधली.
कोइमतूरने सगळ्याची चित्रं संगणकात घेतली म्हणे.
लाकडाचं काय झालं
याबद्दल करार गप्प आहे; तो मीच लिहिला आहे.

त्याच दुपारी जिन्यावर धाप ऐकू आली.
हिरवं खणाचं कापड, सोबत नववीतली पोरगी.
मी नाही म्हणायच्या आत बाई म्हणाली,
अंगानं वाढतीय हो,
माया जरा बरी ठेवा.

तिसऱ्या गल्लीतल्या शिंप्याचा पत्ता
मी तिला फर्मच्या कोऱ्या लेटरहेडवर लिहून दिला.
खाली, सवयीनं, सही केली.